ओशोंची चळवळ: धर्म, पंथ की कल्ट? चवथीला घरात पेटलेला वाद

मांडवीकाठ

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दुसऱ्या दिवशी माहेरी गेले होते. आरती सुरू झाली तरी भाचा गणपतीवरच्या माटोळीखाली आला नाही, बाहेर बलकांवात बसून राहिला. तीन वर्षं तो हरमलला राहतो. पुण्याला जाऊन त्याने ओशोंचा संन्यास घेतलाय, नावही बदललंय. आरती झाल्यावर माझा भाऊ त्याला म्हणाला, "तू आता दुसऱ्या धर्मात गेलास, सरळ सांग." भाचा म्हणाला, "माझा कुठलाच धर्म नाही." घरच्या जावयांनी तिसराच शब्द काढला: कल्ट, म्हणजे एका गुरूच्या मुठीतला गट. वहिनी नेवऱ्यांचं ताट हातात घेऊन तशीच उभी.

तेव्हापासून मी मिळेल ते वाचतेय. माझं मत ठरलंय. चुकीचं वाटलं तर खोडून काढा, पण मुद्द्याने काढा.

हा धर्म नाही, आणि तसं चळवळीनेच दाखवून दिलंय. ओशो तेव्हा भगवान रजनीश म्हणून ओळखले जायचे. १९८३ मध्ये अमेरिकेत त्यांच्याच संस्थेने 'रजनीशिझम' हा धर्म असल्याचं पुस्तक छापलं. तेव्हा गुरूंना धर्मगुरू म्हणून तिथे राहायची परवानगी हवी होती. सप्टेंबर १९८५ मध्ये त्यांची सचिव मा आनंद शीला देश सोडून गेली. त्यानंतर गुरूंनी तो धर्म संपल्याचं जाहीर केलं आणि त्या पुस्तकाच्या प्रती जाळण्यात आल्या. गरजेला छापायचा आणि गरज सरली की जाळायचा, त्याला मी धर्म कसं म्हणू?

मग कल्ट का? तर १९८१ ते १९८५ ही चार वर्षं बघा. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात त्यांच्या कम्यूनची, म्हणजे एकत्र राहायच्या वसाहतीची, जमीन सुमारे ६४,००० एकर होती, म्हणजे जवळपास आपल्या बार्देश तालुक्याएवढी. शेजारी अँटिलोप नावाचं चिमुकलं गाव. संन्यासी तिथे राहायला गेले, मतदार झाले, गावाचं मंडळ जिंकलं आणि गावाचं नाव बदलून 'रजनीश' ठेवलं. आपल्या वाड्यावर हे झालं तर? पुढे १९८४ मध्ये कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडणुकीत स्थानिकांनी मतदानाला बाहेर पडू नये म्हणून त्यांच्यातल्या काहींनी द डॅलेस या गावातल्या दहा हॉटेलांत सॅलडवर साल्मोनेलाचे जंतू टाकले. ७५१ माणसं आजारी पडली. ती सगळी साधी माणसं जेवायला गेली होती.

ध्यान शिकायला आलेली माणसं दुसऱ्याच्या ताटात जंतू टाकण्यापर्यंत कशी पोचतात, याचं उत्तर मला 'काही लोक वाईट होते' एवढ्यात मिळत नाही.

हरमलची वाळू

ताई, मी १९७८ मध्ये पुण्याला पहिल्यांदा गेलो. बावीस वर्षांचा होतो, मुरगांव बंदरात कामाला, आणि रोज संध्याकाळी दारू. पहाटे सहाला डायनॅमिक ध्यान असायचं. दहा मिनिटं जोरजोराने श्वास, दहा मिनिटं आतलं सगळं बाहेर काढायचं, दहा मिनिटं हात वर करून 'हू हू' म्हणत उड्या, मग पंधरा मिनिटं जिथे आहात तिथे स्तब्ध, शेवटी पंधरा मिनिटं नाच. चौथ्या दिवशी त्या स्तब्धतेत मी वडिलांसाठी रडलो. ते जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तोवर मला रडूच आलं नव्हतं. दारू त्या वर्षी सुटली. मी आजही ते ध्यान करतो, आणि याला कोणी कल्ट म्हटलं की माझ्या आयुष्यातली सगळ्यात खरी गोष्ट कोणीतरी खोटी ठरवतंय असं वाटतं.

तुम्ही लिहिलेल्या घटना मी नाकारत नाही. पण अर्धं लिहू नका. शीला गेल्यावर पत्रकारांना बोलावून तिच्या गटाचे गुन्हे उघड केले ते खुद्द ओशोंनी. जंतूंच्या प्रकरणात शिक्षा शीलाला आणि तिच्या साथीदारांना झाली. ओशोंवरचा खटला व्हिसा आणि खोट्या लग्नांचा होता. त्यात तडजोड झाली, ४ लाख डॉलर दंड भरला आणि त्यांनी देश सोडला. आणि जो माणूस स्वतःच्या नावाचा धर्म स्वतः मोडतो, त्यात तुम्हाला सोय दिसते, मला धाडस दिसतं. १९ जानेवारी १९९० ला ते गेले. गुरू गेल्यावर कल्ट विरून जातो म्हणतात. इथे किनाऱ्यावर अजून रोज सकाळी लोक ध्यानाला उभे राहतात, त्यातल्या निम्म्यांनी त्यांना कधी पाहिलेलंही नाही.

म्हापशाचा वकील

दोघेही भावनेने लिहिताय, म्हणून थोडं कायद्याचं सांगतो.

आपल्या राज्यघटनेत 'धर्म' या शब्दाची व्याख्या नाही, आणि 'कल्ट' हा शब्दच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणापासून धर्मसंप्रदायासाठी तीन कसोट्या लावल्या: समान श्रद्धा, समान संघटना आणि स्वतंत्र नाव. ऐकायला सोपं वाटतं. पण ऑरोविल या वसाहतीच्या खटल्यात १९८२ मध्ये बहुमताने सांगितलं की श्री अरविंदांची शिकवण हे तत्त्वज्ञान आहे, धर्म नव्हे. पुढच्याच वर्षी आनंदमार्ग हा हिंदू धर्मातला एक संप्रदाय आहे हे मान्य झालं, मात्र कवट्या आणि सुरे घेऊन रस्त्यावर तांडव करणं हा त्याचा आवश्यक भाग नाही असं ठरलं. रामकृष्ण मिशनने वेगळा धर्म म्हणून अल्पसंख्याकांचे हक्क मागितले, ते १९९५ मध्ये नाकारले गेले. यातल्या प्रत्येक भांडणाच्या मुळाशी जमीन, शाळा, कर किंवा मिरवणूक होती. मोक्षासाठी न्यायालयात कोणी गेलं नव्हतं.

बाहेर बघा. सायंटॉलॉजी नावाच्या अमेरिकी संघटनेला ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये धर्म म्हटलं, अमेरिकेने १९९३ मध्ये करमाफी दिली, आणि पॅरिसच्या न्यायालयाने २००९ मध्ये तिथल्या शाखेला फसवणुकीबद्दल दोषी धरून दंड केला. संघटना एकच. तेव्हा मांडवीकाठताई, कायद्याला शिक्का विचारू नका. कायद्याला कृत्य विचारा: विषप्रयोग झाला का, फसवणूक झाली का, मुलांना इजा झाली का. त्याची उत्तरं कायदा देतो.

मांडवीकाठ

वकीलसाहेब, कृत्य झाल्यावर कायदा येतो हे मला ठाऊक आहे. मी त्याच्या आधीचं विचारतेय. वहिनीने आज कशाकडे लक्ष ठेवावं?

हरमलचे भाऊ, तुमची दारू सुटली हे वाचून मला मनापासून बरं वाटलं. पण ओशोंच्या ९३ रोल्स रॉइस गाड्या कोणाच्या घामातून आल्या? ओरेगनला लोक दिवसाचे बारा-बारा तास बिनपगारी राबत होते आणि त्या कामाला 'पूजा' म्हणत होते.

फोंडा महालातला

मला एकच फरक महत्त्वाचा वाटतो. आमच्या देवळाला महाजन, म्हणजे देवळाचे हक्काचे सभासद, आहेत, महाजनांची यादी आहे, १९३३ चा पोर्तुगीजकालीन देवस्थान कायदा आहे. दर वर्षी सभेत हिशेब वाचला जातो, आणि मी स्वतः उभा राहून पालखीच्या खर्चावर प्रश्न विचारलेत. समितीला राग आला, पण देव माझ्यावर रागावला असं कोणी म्हणालं नाही. जिथे हिशेब विचारणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं, तिथे धर्म संपला असं मी समजतो.

केपेंकार

फोंड्याच्या भावांनी महाजनांचा दाखला दिला म्हणून लिहावं लागतंय, एरवी गप्प होतो.

तुमच्या त्या यादीत माझं नाव येऊ शकत नाही. माझ्या बापाचं आलं नाही, मुलाचं येणार नाही. महाजन जन्माने होतो, कुळाने होतो, आणि बहुतेक देवळांत बायकांचं नाव त्या यादीत नसतंच. जत्रेला राबायला आम्ही, ढोल वाजवायला आम्ही, आणि सभेत प्रश्न विचारायला तुम्ही. याला तुम्ही सगळे सहज धर्म म्हणता. शिक्का मारायचा प्रश्न मनातसुद्धा येत नाही, कारण तो जुना आहे.

माझा धाकटा भाऊ त्या ध्यानाच्या लोकांत जातो. परवा म्हणाला, "दादा, तिथे मला आडनाव कोणी विचारलं नाही." मी स्वतः कुठल्याच गुरूचा नाही. पण या वाक्यापुढे मला उत्तर सुचलं नाही.

आणि एक. कोणाचा धर्म खरा, कोणाचा खोटा हे ठरवणाऱ्यांची कचेरी, पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन, या भूमीवर १५६० ते १८१२ होती, मधली काही वर्षं सोडली तर. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. तेव्हाच्या सत्तेच्या लेखी आपल्या सगळ्यांचे पूर्वज 'कल्ट'मध्येच होते. गोंयकाराने हा शब्द तोंडातून काढण्याआधी थांबायला हवं.

मांडवीकाठ

केपेंकारबाब, थांबले. तुमचं पहिलं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे आणि मी ते लिहिताना विसरले याची लाज वाटते. माझ्या माहेरच्या देवळातही माझं नाव यादीत नाही, भावाचं आहे.

पण दुसरं मान्य नाही. आपल्या पूर्वजांनी देव रातोरात नदीपार नेले ते जुलमातून सुटण्यासाठी. ओरेगनमध्ये जंतू टाकणारे सुटत नव्हते, ते गाव घेत होते. दोन्हीला एकाच तागडीत घालू नका.

पेडण्याचा माळकरी

माझं शिक्षण सातवीपर्यंत. चुकलं तर सांभाळून घ्या. गेली एकतीस वर्षं पेडण्याहून पंढरीला दिंडीबरोबर चालत जातो.

आमच्यात तुळशीची माळ घालतात. ती जुन्याजाणत्या वारकऱ्याच्या हातून घेतात. माळेत कोणाचा फोटो नसतो. त्या लोकांच्या १०८ मण्यांच्या माळेला हयात गुरूचा फोटो लटकलेला असायचा, मी हणजूणच्या बाजारात पुष्कळ पाहिलेत. मला तेव्हाच खटकलं. माळ देवाची असावी. माणसाचा फोटो गळ्यात घातला की त्या माणसाचं चुकलेलं दिसत नाही, कारण तो डोळ्यांपुढे नसून छातीवर असतो.

आमच्यातही बुवाबाजी करणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण बुवाला सोडलं तर विठोबा सुटत नाही. तो तिथेच विटेवर असतो. ज्याचा गुरूच विठोबा, त्याने गुरू सोडला तर जावं कुठे?

हरमलची वाळू

माळकरीबाब, १९८५ मध्ये माळ आणि तांबडे कपडे दोन्हींची सक्ती ओशोंनीच काढली. मी माझी माळ पेटीत ठेवली आहे, घालत नाही. पण तुमचा प्रश्न बरोबर जागी लागला. त्या वर्षी आमच्यातले कितीतरी जण खरंच कुठे जावं हे न कळून भरकटले होते. मीही होतो. आठ महिने हणजूणला एका खोलीत पडून काढले.

मांडवीकाठताई, ते बिनपगारी राबणं खरं आहे. तेव्हा आम्हाला ते राबणं वाटत नव्हतं. आज माझ्या मुलीने तसं केलं तर मी तिला जाऊन घेऊन येईन.

चांदणं

इतका वेळ फक्त वाचत होते. मी अशाच एका गटात वाढले. तो ओशोंचा नव्हता, नाव लिहीत नाही. मी सात वर्षांची असताना आई मला घेऊन गेली. मुलं आईबापांची नाहीत, सगळ्यांची आहेत, असं तिथे म्हणायचे. ताप आला की आईकडे जायला परवानगी लागायची. दिवाडीहून आजी पत्रं पाठवायची, ती मला मोठी झाल्यावर एका बॉक्समध्ये उघडलेली सापडली. बावीस पत्रं होती.

ओशोंच्या कम्यूनमध्ये लहानाची मोठी झालेली माणसंही आता पन्नाशीत येऊन स्वतःच्या नावानिशी बोलतायत, इंग्लंडमधल्या, अमेरिकेतल्या कम्यूनमध्ये मुलं असताना त्यांच्यावर झालेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल. हरमलचे काका, तुमचं रडणं खरं होतं. त्याच वेळी पलीकडच्या खोलीत काय चाललं होतं ते या मुलांना विचारा. मोठ्यांना तिथे मोकळीक मिळाली हे मी समजू शकते. मुलांनी ती मागितली नव्हती.

वहिनींनी कशाकडे लक्ष ठेवावं असं ताईंनी विचारलं. सांगते. फोन तो स्वतः उचलतो का. घरी एकटा येतो का, की कायम कोणीतरी बरोबर असतं. पैसे कुठे जातात ते लपवतो का. गुरूचं एक तरी चुकलं असं तुमच्यासमोर म्हणू शकतो का. आणि कोणी सोडून गेला तर त्याच्याबद्दल तिथे कसं बोलतात. शेवटचं सगळ्यात आधी विचारा.

म्हापशाचा वकील

चांदणं, तुमचे हे पाच प्रश्न मी लिहून घेतले. माझ्याकडे असे पालक येतात. त्यांच्या हातात कायद्याचं कलम ठेवण्यापेक्षा हा कागद ठेवीन.

मांडवीकाठ

चांदणं, तुझं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

काल भाच्याला फोन केला. त्याने स्वतः उचलला. मी त्याला १९८४ बद्दल विचारलं. त्याला ७५१ हा आकडा माहीत होता. मला वाटलं होतं की कोणी सांगितलाच नसेल. "आत्या, ते आमचंच पाप आहे, शीलाचं एकटीचं नाही," असं म्हणाला. मग मुलांबद्दल विचारलं. तिथे तो गप्प झाला. ते त्याने वाचलेलं नव्हतं.

ओरेगनच्या त्या चार वर्षांबद्दल माझं मत तेच आहे, तो कल्ट होता. आज हरमलच्या वाळूवर उभं राहून 'हू हू' करणाऱ्यांना तो शब्द लावणं मी सोडते. रविवारी वहिनीला घेऊन त्याच्याकडे जाणार आहे. नेवऱ्या आता राहिल्या नाहीत, तिने परत करायला घेतल्यात.