सोसायटी ग्रुप : रविवारचं फ्रोझन योगर्ट आणि आइस्क्रीम मशीनचं पातं

वानखेडे काकू ए-२०३: नमस्कार सर्वांना. काल समर कॅम्पमधे पोट्ट्यांना आंब्याचं फ्रोझन योगर्ट म्हणून जे वाटलं त्याबद्दल बोलायचं होतं, काल सगळ्यांसमोर बोलली नाही. चमचा आत जात नव्हता आणि जिथं गेला तिथं दाताखाली बर्फ कचकच वाजत होता, आंबा तर शोधावा लागत होता. येत्या रविवारी पुन्हा ठेवलं आहे म्हणे. ४० मुलं वाट पाहून राहिलीत. करायचं तर नीट करू, दही आंबे काही फुकट येऊन नाही राहिले

रोशनी सी-४०२: गुड मॉर्निंग काकू. ते मी केलं होतं हे अख्ख्या सोसायटीला माहीत आहे, त्यामुळे नाव न घेता बोलायची गरज नाही

रोशनी सी-४०२: शनिवारी दुपारी लाईन गेली ती दोन तास आलीच नाही, त्यात मी एकटी. मदतीला कोण येतं विचारलं तर सगळ्यांनी अंगठे दिले, आलं कोणीच नाही

वानखेडे काकू ए-२०३: बेटा तुझ्यावर राग नाही माझा. पण मी आदल्या दिवशी विचारलं होतं न, दही बांधलं का, तर तू म्हणाली काकू रेसिपीत तसंच घालायचं लिहिलंय

ठाकरे काका बी-१०१: मशीनचं पातं ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते सोसायटी ऑफिसमधे जमा करावे. मशीन गणपतीच्या शिल्लक वर्गणीतून घेतलेली आहे. ती सर्वांची आहे. धन्यवाद 🙏

बोरकर भाऊ बी-३०४: काहून इतका त्रास घेऊन राहिले बाप्पा, दिनशॉचे चार डबे आणा, काम खतम. १९३२ ची कंपनी आहे ती, नागपूरले आइस्क्रीम खाऊ घालून राहिली

वानखेडे काकू ए-२०३: बोरकर भाऊ विकतचं तर घरोघरी येतंच. मुलांनी दह्याचं आइस्क्रीमसारखं घट्ट होताना डोळ्यांनी पाहावं म्हणून तर मशीन घेतली आपण

बोरकर भाऊ बी-३०४: घेतली तेव्हा मी पॉपकॉर्नच्या मशीनला मत दिलं होतं हे नोंदवून ठेवा

जोशी सर सेक्रेटरी: कृपया तो विषय पुन्हा नको. ठराव झालेला आहे.

खोब्रागडे सर सी-१०३: रोशनी एक विचारतो, राग मानू नको. मशीनचा बाऊल फ्रीजरमधून काढल्यावर कानाजवळ धरून हलवला होता का? आपली मशीन कॉम्प्रेसरवाली नाही, बाऊलवाली आहे. त्या बाऊलच्या दोन भिंतींमधे द्रव असतो, तो पूर्ण गोठला पाहिजे. हलवल्यावर आत डुचमळल्याचा जरासाही आवाज आला तर बाऊल तयार नाही, मग तुम्ही वरून कितीही चांगलं मिश्रण टाका ते नुसतं फिरत राहतं. फ्रीजर उणे १८ ला असेल तर १६ ते २४ तास लागतात, आणि मधे लाईन गेली तर तेवढ्यानं भागत नाही

रोशनी सी-४०२: आवाज येत होता सर थोडा. पण मुलं खाली बसली होती, काय करणार होते

खोब्रागडे सर सी-१०३: बस मग तेच. हळूहळू गोठलं की बर्फाचे खडे मोठे होतात, भरभर गोठलं आणि सोबत पातं फिरत राहिलं की खडे बारीक राहतात, जिभेला कळतच नाहीत. पात्यानं थोडी हवा पण शिरते आत. मऊपणा येतो तो असा

ठाकरे काका बी-१०१: पात्याचाच विषय निघाला म्हणून पुन्हा. मशीनचं पातं ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते सोसायटी ऑफिसमधे जमा करावे. पात्याशिवाय मशीन म्हणजे बादली आहे.

वानखेडे काकू ए-२०३: सर बाऊलचं बरोबर आहे पण मला विचाराल तर खरं भांडण पाण्याचं आहे. दह्यात पाणी, आंब्यात पाणी, आणि वरून कोणीतरी मिक्सर फिरेना म्हणून वाटीभर दूध ओतलं. हे सगळं पाणी शेवटी बर्फच होणार न. श्रीखंडाला आपण दही बांधतो की नाही, मग इथं काहून नाही? फुल क्रीम दुधाचं १ लिटर दही पंच्यात बांधलं की साधारण अर्धा किलो चक्का उतरतो. आणि हे फ्रीजमधे टांगायचं, चाळणीत ठेवून खाली पातेलं. या दिवसात ओट्यावर टांगलं तर सकाळपर्यंत आंबट ढाण होते, ४५ डिग्रीत घरातलं नळाचं पाणी तापून राहिलं तिथं दह्याचं काय

मोहोड काकू बी-२०२: खाली निघालेलं पाणी फेकू नका ग, कणीक भिजवायला घ्या, पोळ्या मऊ होतात

डॉक्टर मॅडम ए-५०१: साखरेचं पण बोला कोणीतरी. मागच्या वेळी किती घातली होती? मुलांना एवढी साखर नको. स्टेव्हियाचे थेंब घाला किंवा साखर अर्धी करा प्लीज

रोशनी सी-४०२: मॅडम तुमच्याच सांगण्यावरून अर्धी केली होती. मेसेज आहे माझ्याकडे

डॉक्टर मॅडम ए-५०१: मी जनरल सांगितलं होतं.

खोब्रागडे सर सी-१०३: मॅडमचं म्हणणं आरोग्याच्या दृष्टीनं रास्त आहे, मी स्वतः चहा बिनसाखरेचा पितो. पण इथं साखर फक्त गोडीसाठी नसते. साखर विरघळलेलं पाणी ० ला गोठत नाही, अजून खाली जावं लागतं, त्यामुळे फ्रीजरमधे सगळंच पाणी घट्ट होत नाही आणि चमचा आत जातो. स्टेव्हियाचे चार थेंब गोडी देतील, हे काम नाही करणार. साखर अर्धी म्हणजे दगडच

वानखेडे काकू ए-२०३: आणि थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते. म्हणून मिश्रण चाखताना थोडं जास्तच गोड वाटलं पाहिजे. मॅडम, साखर तेवढीच ठेवू, वाटी लहान करू. चालेल का?

डॉक्टर मॅडम ए-५०१: लहान म्हणजे खरंच लहान. मागच्या वर्षीच्या आमरसाच्या "लहान" वाट्या मी विसरले नाहीये

बोरकर भाऊ बी-३०४: त्या वाट्या नव्हत्याच, गंजं होती 😄

मोहोड काकू बी-२०२: मी म्हणते आंबाच काहून? नागपूरचे आपण, संत्र्याचं करा न. बाहेरगावचे पाहुणे येतात त्यांना पण सांगता येईल. २०१४ मधे जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आपल्या संत्र्याला

वानखेडे काकू ए-२०३: ताई मे महिन्यात आपलं संत्रं कुठून आणता. वर्षातून दोनदाच फळ येतं, अंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे, मृग बहार फेब्रुवारी मार्चमधे, एप्रिलपर्यंत ओढला तर. आता बर्डीच्या बाजारात जे दिसतं ते आपलं नाही

मोहोड काकू बी-२०२: माझ्याकडे मार्चमधला रस काढून फ्रीजरमधे ठेवला आहे दोन बाटल्या. ह्यांच्या भावाच्या काटोलच्या बागेतला आहे

खोब्रागडे सर सी-१०३: वहिनी तो आधी चाखून पाहा. नागपुरी संत्र्याचा रस काढल्या काढल्या गोड असतो आणि काही तासांनी कडवट होतो, लिमोनिन नावाच्या द्रव्यामुळे. बिया आणि फोडींवरची पांढरी साल यातून येतं ते. मिक्सरमधे बियांसकट फिरवला असेल तर आणखीच

मोहोड काकू बी-२०२: चाखला. कडू आहे 😐

मोहोड काकू बी-२०२: पण मिक्सरमधे नव्हता केला हं

वानखेडे काकू ए-२०३: हिवाळ्यात करू न ताई संत्र्याचं, मलाच करायचं आहे. हातानं फोडी सोलून, बिया काढून, लगेच रस आणि लगेच चक्क्यात. आणि वरची केशरी साल तेवढी बारीक किसून, पांढरी अजिबात नको, खरा वास त्या सालीत आहे. आता कळमना मार्केटमधे बैगनपल्ली आंबा उतरून राहिला, गर घट्ट, रेषा कमी. तोच घेऊ

सी-२०१ भाडेकरू: हाय ऑल, अननस पण छान लागेल ना? मी कापून देऊ शकते

वानखेडे काकू ए-२०३: छान लागेल पण कच्चा नको बेटा. कच्च्या अननसात एक एन्झाइम असतं, दह्यात घातलं की थोड्या वेळात दही कडू पडतं. पपईचं पण तसंच. आधी साखर घालून चांगला शिजवून घे, पूर्ण गार कर, मग चालतो

ठाकरे काका बी-१०१: मशीनचं पातं ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते सोसायटी ऑफिसमधे जमा करावे. तिसऱ्यांदा लिहितो आहे. हिशोब मला द्यावा लागतो.

रोशनी सी-४०२: काका मी काल रात्रीच पातं धुवून वॉचमनच्या केबिनमधे ठेवलं, निळ्या पिशवीत. तुमच्याच हातात देणार होते पण तुम्ही झोपला होतात

जोशी सर सेक्रेटरी: धन्यवाद रोशनी. विषय संपला.

वानखेडे काकू ए-२०३: आता लिहितेच सगळं, सेव्ह करून ठेवा म्हणजे पुन्हा पुन्हा विचारणं नको. एका वेळचं माप, अर्धा किलो चक्का, ३०० ग्रॅम आंब्याचा गर, १५० ग्रॅम साखर घरी दळलेली म्हणजे कणी राहत नाही, चिमूटभर मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. गरातला अर्धा जाड बुडाच्या कढईत मंद गॅसवर आटवायचा, उलथनं फिरवलं की कढईचा तळ दिसला पाहिजे आणि दोन क्षण दिसत राहिला पाहिजे, तेवढा. उरलेला अर्धा कच्चाच ठेवायचा नाहीतर ताज्या आंब्याची चव जाते, नुसता आंबापोळीचा वास येतो. मग सगळं एकत्र फेटून रात्रभर फ्रीजमधे. कोमट मिश्रण मशीनमधे टाकलं की बाऊलची सगळी थंडी त्यातच खर्च होते, रोशनी हे फार महत्त्वाचं आहे

खोब्रागडे सर सी-१०३: आणि मशीन आधी सुरू करायची, पातं फिरत असताना मिश्रण ओतायचं. आधी ओतलं तर ते भिंतीला चिकटून गोठतं आणि पातं अडकतं. बाऊल दोन तृतीयांशच भरा, फुगतं ते

रोशनी सी-४०२: किती वेळ फिरवायचं? मी ४० मिनिटं फिरवलं होतं

खोब्रागडे सर सी-१०३: २० ते २५ मिनिटांत व्हायला पाहिजे. नाही झालं तर पुढे होणारच नाही, बाऊल तोवर गरम होत जातो. मऊ सॉफ्टीसारखं झालं की थांबव, पसरट स्टीलच्या डब्यात काढ, वर बटर पेपर अगदी चिकटवून झाकण लाव आणि फ्रीजरमधे

वानखेडे काकू ए-२०३: वाढायच्या आधी बाहेर काढून ठेवा असं सगळीकडे लिहितात, ते आपल्या उन्हाळ्याला चालत नाही, कडेनं वितळतं आणि मधे दगड राहतो. अर्धा तास आधी फ्रीजच्या खालच्या भागात ठेवायचं, सगळीकडून सारखं मऊ होतं

जोशी सर सेक्रेटरी: पण बाऊल एकच आहे. एका घाण्यात लिटरभर होईल. ४० मुलांचे कसे?

बोरकर भाऊ बी-३०४: ४० मुलं आणि ४० मुलांचे बाप. बापाचं कोणी विचारून नाही राहिलं

वानखेडे काकू ए-२०३: एक घाणा शुक्रवारी रात्री, एक शनिवारी रात्री. मधे बाऊल पुन्हा पूर्ण दिवस फ्रीजरमधे आणि तो फ्रीजर कोणी उघडायचा नाही. रात्रीच करायचं, स्वयंपाकघर जरा तरी निवलेलं असते

जोशी सर सेक्रेटरी: शुक्रवारी लाईट गेली तर? मागच्या आठवड्यात तीनदा गेली.

बोरकर भाऊ बी-३०४: आता मजाक नाही करत. आमच्याकडे आजोबांचा लाकडी पॉट आहे माळ्यावर, हँडलवाला. त्याले लाईन बिईन काही नाही लागत. बर्फ, खडे मीठ आणि दोन पोट्टे हँडल फिरवायला

खोब्रागडे सर सी-१०३: वा बोरकर! हे मुलांना दाखवायलाच पाहिजे. नुसता बर्फ ० डिग्रीला असतो, मीठ टाकलं की बर्फ वितळायला लागतो आणि वितळताना उष्णता ओढून घेतो, खारं पाणी उणे १० च्याही खाली जातं. शास्त्रात मिठाची मर्यादा उणे २१ पर्यंत आहे. थर्मामीटर मी आणतो. तीन वाट्या बर्फाला एक वाटी मीठ धरा, आणि डब्याच्या झाकणातून खारं पाणी आत जाऊ देऊ नका

मोहोड काकू बी-२०२: पॉटचं नाव काढू नका. दोन वर्षांपूर्वी कोजागिरीला त्याचं खारं पाणी कोणीतरी माझ्या मोगऱ्याच्या वाफ्यात ओतलं, पाचही झाडं जळली. कोणी ओतलं ते मला माहीत आहे, मी बोलत नाही

बोरकर भाऊ बी-३०४: ताई ते मी नव्हतो

मोहोड काकू बी-२०२: मी तुमचं नाव घेतलं का?

ठाकरे काका बी-१०१: वॉचमनच्या केबिनमधे निळी पिशवी आहे, त्यात पातं नाही. मशीनचं पातं ज्यांच्याकडे असेल त्यांनी

रोशनी सी-४०२: काका त्या पिशवीत आतमधे अजून एक पिशवी आहे

ठाकरे काका बी-१०१: मिळालं.

जोशी सर सेक्रेटरी: ठरलं असे समजतो. मशीनचे दोन घाणे शुक्रवार शनिवार, पॉट रविवारी पार्किंगमधे मुलांसमोर. खारे पाणी थेट गटाराच्या जाळीत, बागेत एक थेंब नाही, ही जबाबदारी बोरकर यांची. दही आंबे यांचा खर्च कॅम्पच्या फीमधून, बिल ठाकरे काकांना द्यावे.

डॉक्टर मॅडम ए-५०१: वाट्या मी आणते. माझ्याकडे लहान आहेत.

बोरकर भाऊ बी-३०४: खडे मीठ इतवारीतून आणतो उद्या. बर्फाची लादी रविवारी सकाळी, आधी आणली तर रस्त्यातच पाणी होते

वानखेडे काकू ए-२०३: रोशनी, बुधवारी रात्री दही बांधायला खाली ये, दोघी मिळून करू. गुरुवारी मी येते तुझ्याकडे आंबा आटवायला, तुझी कढई मोठी आहे

रोशनी सी-४०२: येते काकू. पंचा माझा आणते, तुमच्याला हळदीचा वास येतो

मोहोड काकू बी-२०२: गटाराची जाळी माझ्या वाफ्याला लागूनच आहे जोशी सर. मी रविवारी खुर्ची टाकून तिथंच बसणार आहे