शाळेतले जुने कॉम्प्युटर भंगारात घालायचे नाहीत, कुठं द्यावेत? सल्ला हवाय

खानापूरच्या बाई: नमस्कार मंडळी, आमच्या मराठी शाळेत एका खोलीत जुने कॉम्प्युटर, डबा मॉनिटर, प्रिंटर, यूपीएस असं सगळं धूळ खात पडलंय. हेडसर म्हणतात किलोवर देऊन खोली मोकळी करा. पण तांब्यासाठी वायरी जाळतात तो काळा धूर मी बघितलाय, पोरं तिथंच खेळत असतात, म्हणून जीव होत नाही. यातलं काही परत चालू होईल काय?

उद्यमबाग रिपेअर: बाई, आधी काहीच देऊ नका. बंद पडलंय म्हणजे मेलंय असं नसतंय. बऱ्याचदा एसएमपीएसमधला (मशीनला वीज पुरवणारा डबा) कपॅसिटर फुगलेला असतो, डोकं वर आलेलं डोळ्यानं दिसतंय, तो पार्ट अगदी स्वस्त आहे. आय थ्री वगैरे प्रोसेसर असेल तर एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) आणि थोडी रॅम घाला, मशीन पळतंय. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला म्हणून लोक चांगली मशीनं टाकायलेत, बघून वाईट वाटतंय. विंडोजच्या जागी लिनक्स घाला, फुकट आहे, मराठी टायपिंग पण होतंय. दोन बंद मशीनचं मिळून एक चालू करायचं, उरलेले पार्ट जपून ठेवायचे.

शहापूर गल्ली: पण भंगारवाले पण गोळा करतातच की, त्यांचं पोट आहे त्यावर. सगळा दोष त्यांना कशाला?

निपाणीकर: दादा, गोळा करण्याबद्दल कुणाची तक्रार नाही, फोडण्याबद्दल आहे. सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवून सोनं-तांबं काढायचं आणि उरलेलं पाणी गटारीत, त्यात काम करणाऱ्याचेच हात-फुफ्फुसं जातात. डबा मॉनिटरच्या काचेत शिसं असतंय, तो फोडू देऊ नका. बाई, ई-वेस्टचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, रिसायकलरची सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) पोर्टलवर नोंदणी लागते. नोंदणी नंबर मागा, पोर्टलवर तपासा, माल दिल्याची पावती घ्या. एका शाळेच्या मालासाठी गाडी कोण पाठवायचं नाही, म्हणून आजूबाजूच्या शाळा मिळून एकदम द्या. यूपीएसची बॅटरी वेगळी काढा, ती शिसं-ॲसिडची, बॅटरी दुकानवाले जुनी घेऊन नवीनवर पैसे कमी करतात.

टिळकवाडीची: हार्ड डिस्क विसरू नका!! पोरांचे आधार नंबर, मार्कं सगळं त्यात असतंय. नुसतं फॉरमॅट करून जात नाही, अख्खी डिस्क ओव्हरराइट करा, म्हणजे जुन्या माहितीवर दुसरं काही लिहून ती पुसा, बंद पडलेली असेल तर ड्रिलनं आरपार भोकं पाडा. आणि स्टॉक रजिस्टरमधून कमी करायची मंजुरी आधी घ्या, नाहीतर पुढं ऑडिटला त्रास.

खानापूरच्या बाई: खूप आभार सगळ्यांचे. एसडीएमसीच्या (शाळेची व्यवस्थापन समिती) बैठकीत विषय ठेवते, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला पण विचारते. तोवर कुठलीच वस्तू खोलीबाहेर जाणार नाही.

उद्यमबाग रिपेअर: बैठकीआधी प्रत्येक मशीनच्या स्टिकरचा आणि रॅमचा फोटो टाका इथं. रॅम डीडीआर थ्री प्रकारची आहे की फोर ते बघून कुठली रॅम कुठं बसेल ते सांगतो, म्हणजे किती मशीनं उभी राहतील ते सरांना आधीच दाखवता येईल.