मदत हवी आहे: पाच फेजची मोटर, एक फेज काढली की टॉर्क थरथरतो

अल्फाबीटा (वडोदरा)
पाच फेजची इंडक्शन मोटर, ४ पोल, न्यूट्रल मोकळा. इनडायरेक्ट व्हेक्टर कंट्रोल (टॉर्कचा आणि फ्लक्सचा करंट वेगवेगळा सांभाळणारा), इन्व्हर्टरची डीसी बस ३०० व्होल्ट. पाचही फेज असताना लोण्यासारखी चालते. ए फेज काढली की टॉर्क दुप्पट वारंवारतेने हलतो आणि एक्स करंटच्या पीआय कंट्रोलरचा इंटिग्रेटर (चूक साठवत जाणारा भाग) सरकत सरकत लिमिटला टेकतो. सोमवारी डेमो आहे. गेन किती ठेवू, एवढंच सांगा.

दांडियाबाजार
सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लावा. फेज गेली की मोटर बंद, जळायची भीतीच नको.

सयाजीगंज४०
अहो, त्यांना फेज गेल्यावरही मोटर चालवायचीय!
अल्फाबीटा, एक्सचा रेफरन्स किती दिलाय?

अल्फाबीटा
शून्य. तोटा कमी राहावा म्हणून.

सयाजीगंज४०
मग भांडण तिथेच आहे. पाच फेजचे करंट गणितात दोन जोड्यांत मांडतो: अल्फा-बीटा टॉर्क देते, एक्स-वाय नुसता तोटा. ए फेजचा करंट म्हणजे अल्फा अधिक एक्स. तो शून्य झाला की एक्स = वजा अल्फा, तुम्ही काहीही मागा. एक लूप अल्फा मागतोय, दुसरा एक्स शून्य मागतोय, करंट मात्र एकच. इंटिग्रेटर पळणारच, गेनचा संबंध नाही.
फॉल्ट कळल्याक्षणी एक्सचा पीआय बंद करा, इंटिग्रेटर रिकामा करा. वाय तेवढा मोकळा उरतो. वाय शून्य ठेवलात तर बी आणि ई फेजमध्ये मूळच्या १.४६८ पट, सी आणि डी मध्ये १.२६३ पट करंट. वाय = वजा ०.२३६ बीटा ठेवलात तर चारही फेजमध्ये १.३८२ पट. कॉपर लॉस पहिल्यात १.५ पट, दुसऱ्यात १.५३. वाइंडिंगच्या रेटिंगवर थांबायचं तर दुसरा बरा: अल्फा-बीटा करंट मूळच्या ०.७२ पर्यंत नेता येतो, पहिल्यात ०.६८. फेजचे करंट या जोड्यांत बदलणाऱ्या तुमच्या मॅट्रिक्समध्ये वायची ओळ उलट्या चिन्हाची असेल तर वजाचं अधिक होईल, तपासा.

कॉस्टफंक्शन
पीआय सोडा, प्रेडिक्टिव्ह कंट्रोल घ्या (पुढच्या सॅम्पलचा करंट आधीच मोजून बरा व्हेक्टर निवडणारा). इन्व्हर्टरच्या स्विचच्या ३२ जुळण्यांतले, म्हणजे व्हेक्टरांतले १६ उरतात, कॉस्टमधून (निवड करताना मोजायच्या चुकीतून) एक्स काढून टाका, झालं.

सयाजीगंज४०
एका सॅम्पलला एकच व्हेक्टर लावलात तर एक्स-वायमध्ये फक्त रेझिस्टन्स आणि लीकेज अडवतो, करंट काट्यासारखा उसळतो. सोमवारपर्यंत तरी नको.

कॉस्टफंक्शन
सॅम्पलमध्ये दोन-तीन व्हेक्टर मिसळले की नाही उसळत. जुनी तक्रार आहे ही.

मकरपुरा_वाइंडर
मूळ ३६ स्लॉटचा स्टेटर आहे का? ४ पोल पाच फेजला ४० स्लॉट लागतात, म्हणजे पोलला फेजमागे २. ३६ मध्ये समान बसत नाही.

अल्फाबीटा
४० च आहेत, वाइंडिंग ठीक आहे. एक्स बंद केला, इंटिग्रेटर थांबला. पण ९०० आरपीएमला बरं वाटतं, १३०० ला ए फेजच्या क्लॅम्पमध्ये बारीक करंटचे ठोके दिसतात. असं कसं?

रावपुरा_ड्राइव्ह
फेज "काढली" म्हणजे वायर सोडली की इन्व्हर्टरमधल्या तिच्या स्विचचे नुसते गेट पल्स थांबवले?

अल्फाबीटा
पल्सच, वरचा आणि खालचा दोन्ही.

रावपुरा_ड्राइव्ह
हे आधी सांगायचं ना! स्विचना समांतर असलेले डायोड जागेवरच आहेत. वेग वाढला की ए टर्मिनलचा बॅक ईएमएफ (मोटरने स्वतः तयार केलेलं व्होल्टेज) बसच्या बाहेर जायला बघतो आणि डायोड चालू होतो. मग ए चा करंट शून्य ही अटच मोडते. इन्व्हर्टर बंद असताना ए च्या वायरमध्ये एक कॉन्टॅक्टर टाका, डेमोत तोच उघडा. ते जमत नसेल तर १००० च्या वर फ्लक्स कमी करा.

सयाजीगंज४०
बरोबर. तरी थोडी थरथर राहील: आता अल्फाच्या वाटेत एक्सचा इम्पीडन्स सिरीजमध्ये आलाय, बीटाच्या वाटेत तसा नाही. ती विषमता फिरत्या फ्रेममध्ये दुप्पट वारंवारतेची दिसते. त्या फ्रेममधल्या डी आणि क्यू करंटच्या पीआयला समांतर दुप्पट वारंवारतेचा रेझोनंट टर्म (तेवढ्याच वारंवारतेवर जोर लावणारा) जोडा. तो मोटरच्या वेगाबरोबर नव्हे, सिंक्रोनस वारंवारतेबरोबर हलवा, स्लिप (रोटर मागे राहतो तो फरक) धरून.

दांडियाबाजार
प्रिव्हेंटर मात्र जवळ ठेवा.