मदत हवी आहे: ट्रायम्फ हेरल्ड कूपेमध्ये प्रीमियर ११८ एनईचे इंजिन बसवावे की मारुती जिप्सीचे?

नमस्कार.

आमच्या डिचोलीच्या घरी आजोबांनी पोर्तुगीज अमदानीत, १९६० साली, घेतलेली ट्रायम्फ हेरल्ड कूपे आहे. गेल्या डिसेंबरात साखळीहून परतताना तिचे ९४८ सीसी इंजिन बंद पडले आणि ऑइल चेंबर उघडल्यावर क्रँकचे थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या) त्यात पडलेले आढळले. क्लच दाबला की क्रँक पुढे सरकत असे; ते लक्षण मी वेळीच ओळखायला हवे होते. वॉशर गळून पडल्यावर क्रँक थेट ब्लॉकला घासत राहिला आणि मागच्या मेन बेअरिंगची बैठक इतकी झिजली की लेथवाल्यांनी दुरुस्तीची हमी देण्यास नकार दिला. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेरल्डची दोन इंजिने बेळगावला जाऊन पाहिली, पण दोन्हींचे ब्लॉक वापरण्याजोगे नव्हते.

म्हणून दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाचा विचार करावा लागत आहे. माझी अट एकच आहे : चासीला किंवा बॉडीला कोठेही कापायचे नाही, म्हणजे उद्या चांगला ब्लॉक मिळाल्यास मूळ इंजिन पुन्हा जागेवर बसवता येईल. हेरल्डची चासी वेगळी असल्यामुळे आणि गिअरबॉक्सवरचे आवरण आतून बोल्ट काढून उचलता येत असल्यामुळे हे शक्य वाटते.

प्रीमियर ११८ एनईचे निस्सानचे ११७१ सीसी ए-१२ इंजिन माझ्या मनात पहिले आहे. ते मागच्या चाकांना गती देणाऱ्या गाडीतले असून मूळ इंजिनाप्रमाणेच पुशरॉडचे (दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारे) आहे, त्यामुळे गाडीचा स्वभाव फारसा बदलणार नाही. गॅरेजवाल्यांचा आग्रह मात्र जिप्सीच्या १३०० सीसी इंजिनाचा आहे. त्याचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे आणि जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना गती वाटणारा भाग) गिअरबॉक्सपासून वेगळा असल्याने पाच गिअरचा बॉक्स जसाच्या तसा वापरता येतो, हे त्यांचे म्हणणे मला पटते. तरीही मला जास्त ताकद नको आहे. हेरल्डच्या मागच्या बाजूला स्विंग ॲक्सल (चाक वर-खाली होताना त्यासोबत तिरपा होणारा ॲक्सल) आहे, वेगात वळण घेताना ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर बाहेरचे चाक आत दुमडते आणि चोर्ला घाटातल्या वळणांवर हा धोका मला पत्करायचा नाही.

ज्यांनी यांपैकी कोणतेही इंजिन हेरल्डमध्ये किंवा तिच्यावरूनच बनलेल्या स्टँडर्ड गझेलमध्ये बसवले आहे, त्यांनी कृपया सांगावे की इंजिनापुढून जाणाऱ्या स्टिअरिंग रॅकला चेंबर किंवा पुली अडते का, चेंबर बदलावा लागला का, आणि नवा प्रोपेलर शाफ्ट मूळ डिफरेन्शियलला जोडताना फ्लँज कोठून करून घेतला. मूळ रेडिएटर गोव्याच्या मे महिन्यात पुरतो का, हेही कळावे.

कागदपत्रांची चिंता याहून मोठी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, परंतु त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असावे लागते. आमची गाडी अजून त्या वर्गात नोंदवलेली नाही. इंजिन बदलल्यास ती वाट बंद होईल, आणि मूळ इंजिन परत बसवल्यावर ती पुन्हा उघडेल का, हे मला समजून घ्यायचे आहे. गोव्याच्या वाहतूक खात्याकडून इंजिनबदलाची लेखी परवानगी कोणी घेतली असल्यास अर्जासोबत काय जोडले ते सांगावे. ती परवानगी हाती आल्याशिवाय मी जुने इंजिन उतरवणार नाही.