आजोबांची 1950 ची मॉरिस मायनर गोठ्यातून बाहेर काढलीये, खोलायच्या आधी नोंदी कशा ठेवू?

गोठ्यातली_मायनर:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझे आजोबा कराडजवळच्या एका गावात डॉक्टर होते, त्यांची मॉरिस मायनर, दोन दरवाजांची, आरसी बुकावर 1950, नंबर जुना बीएम वाला. आजोबा गेल्यावर ती गोठ्यात तालपत्रीखाली गेली ती गेलीच, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या इतकी वर्षं. दिवाळीत काकाने गोठा पाडायचं काढलं तेव्हा मी म्हटलं गाडी मी करते, तर सगळे हसले, पण चावी माझ्या हातात दिली.

आता अडचण अशी की इथला फिटर हुशार आहे पण त्याला घाई फार. तो म्हणतो आठ दिवसांत सगळी खोलून पत्र्याला देतो. मागे एकदा दुसऱ्या एका गॅरेजला (नाव घेत नाही) आमची बुलेट दिली होती, ती रंगवून आली चकाचक, पण जुने नटबोल्ट, जुना बॅज, टूलकिट सगळं "भंगार होतं म्हणून टाकलं", तेव्हापासून मी धसका घेतलाय.

फिटरने तीन गोष्टी काढल्यात. एक, पुढचा बंपर मधोमध कापून जोडलेला आहे, मध्ये चारेक इंचाची वेगळी पट्टी, तो म्हणतो ॲक्सिडेंटची गाडी आहे, हा फेकून अखंड बंपर बनवून घेऊ. दोन, इंजिनाला वॉटर पंपच नाही, कोणीतरी काढून विकला म्हणे, दुसऱ्या गाडीचा बसवू. तीन, बॅटरीची प्लसची वायर बॉडीला लावलीये, "उलटं केलंय कुणीतरी येड्यानं", ते सरळ करू.

मला खरंच कळत नाही यातलं काय बरोबर. शिवाय रंग आत्ता पांढरट आहे पण आजी म्हणते गाडी हिरवी होती, आणि बाबा म्हणतात काळी. नोंदी कशा ठेवायच्या, फोटो किती, वही की एक्सेल, आणि आरटीओचं काय, कुणी केलं असेल तर सांगा.

पेठेतला_पान्हा:
ताई, आधी फिटरला फोन करा आणि सांगा बंपरला हात लावू नको. आत्ता. बाकीचं नंतर वाचा.

केला? बरं. तो जोड ॲक्सिडेंटचा नाही, तो कारखान्यातलाच आहे. मायनर ज्याने काढली त्या ॲलेक इसिगोनिसला शेवटच्या टप्प्यात वाटलं गाडी फार अरुंद दिसतेय, म्हणून त्याने नमुन्याची गाडी चक्क उभी कापली आणि दोन तुकडे सरकवून सरकवून बघितले, चार इंचावर डोळ्याला पटलं. हे झालं 1947 मध्ये, गाडी बाजारात आली 1948 च्या लंडनच्या मोटर शोला. तोवर बंपर बनून पडले होते. मग काय, बंपर कापले आणि मध्ये चार इंचाची पट्टी घालून जोडले. म्हणजे तुमचा फिटर जे फेकायला निघालाय तो या मॉडेलच्या जन्माचा दाखला आहे! बॉनेटच्या मधोमध हात फिरवून बघा, एक सपाट चार इंची पट्टा लागेल, तेही त्याच भानगडीतलं. आतला गालिचा उचलला तर गिअरबॉक्सच्या बोगद्याच्या दोन्ही बाजूंना दोन दोन इंच वाढवलेलं दिसेल.

वॉटर पंपाचं पण तेच. सुरुवातीच्या मायनरमध्ये 918 सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, त्याला पंप नव्हताच. पाणी तापलं की वर चढतं, रेडिएटरमध्ये गार झालं की खाली उतरतं, झालं. फक्त ते चालायला रेडिएटर आतून साफ पाहिजे आणि पाणी वरच्या होजच्या तोंडाच्या वर पाहिजे, जरा कमी पडलं की फिरणंच बंद आणि मग लोक म्हणतात गाडी उकळते. आणि प्लस अर्थ (म्हणजे प्लसची वायर बॉडीला) हा त्या काळच्या इंग्लिश गाड्यांचा नेम, ल्युकास कंपनीची वायरिंग तशीच असायची. उलटं करायचंच झालं तर डायनामोला परत पोलॅरिटी द्यावी लागते, नाहीतर चार्जिंगचा घोळ होतो. तसंच ठेवा, आणि बॅटरीवर लाल पेंटने मोठ्ठं लिहा म्हणजे पुढचा इलेक्ट्रिशियन शहाणपणा करणार नाही. माझ्या हिंदुस्थान फोर्टीन गाडीला एकाने केला होता, धूर निघाला तेव्हा थांबला.

तीनात तीन गोष्टी चुकीच्या म्हटल्या आणि तिन्ही बरोबर निघाल्या, फिटर वाईट नाहीये हो, त्याने आयुष्य मारुतीवर काढलंय.

गंजखाऊ:
मी पत्र्याचा माणूस, कोल्हापूर. लिहायची सवय नाही तरी लिहितो.

रंगाचं भांडण आजी आणि बाबांना विचारून सुटणार नाही, गाडीला विचारा. ऊन आणि ब्रश जिथं पोचत नाही तिथं बघायचं, म्हणजे मागच्या सीटच्या खाली, दरवाजाच्या आतल्या पुठ्ठ्याच्या मागं, डिकीत स्टेपनीच्या जागेवर, डॅशबोर्डच्या पाठीमागं. मग बाहेर एका कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढी जागा घ्या आणि बारीक पाण्याचा पेपर गोल गोल मारा, हळू, घाई नको. झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं निघतात, वरचा पांढरा, मग लांबी (पुट्टी), मग त्याच्या खालचा रंग, मग प्रायमर, मग पत्रा. त्याचा फोटो दिवसा सावलीत काढा, बाजूला पांढरा कागद ठेवून, नाहीतर मोबाईल रंग स्वतःच्या मनाने बदलतो. आणि तेवढा तुकडा रंगवताना पण झाकून ठेवा, घासू देऊ नका कोणाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मायनरला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही, पत्रा आणि सांगाडा एकच. दरवाजाखालचा पाटा, त्याच्या मागं मधला आडवा मेंबर जिथं टॉर्शन बार (पुढच्या चाकांना स्प्रिंगऐवजी असलेली पिळाची दांडी) अडकतो, आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, हे तीन कुजले की गाडी मधून वाकते. म्हणून कापायच्या आधी आतून पाईपाचे आडवे-तिरपे टेकू टॅक करा (वेल्डिंगचे नुसते टाके) आणि दरवाजे लावलेलेच ठेवून वेल्डिंग करा, दर थोड्या वेळाने दार उघडून मिटून बघा. मी पहिल्या गाडीला दरवाजे काढून पाटे बदलले, काम संपल्यावर दार बसेना, सव्वा इंचाचा फरक. सगळं परत कापलं. गिऱ्हाईक काय बोललं ते इथं लिहीत नाही.

पुढची चाकं काढाल तेव्हा किंगपिनच्या (चाक ज्या खिळीवर वळतं ती) खालचे ट्रनियन, म्हणजे तिथले जोड, बघा. त्यांना आटे असतात आणि दर हजार मैलांनी ग्रीस मारायचं असतं. एवढी वर्षं कोंबड्यांनी तर मारलं नसणार. आटे झिजले असतील तर चालता चालता चाक आत दुमडतं, ही मायनरची जुनी खोड. दोन्ही बाजूंचे आटे वेगळे, डावे उजवे मिसळू नका. टॉर्शन बारचं पण तेच, एकदा पीळ बसला की डावा तो डावाच, काढतानाच पंच मारून खूण करा, खडूची खूण डिझेलने जाते.

पान्हे मिलिमीटरचे वापरू नका. व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाचा सेट जुन्या बाजारात मिळतो.

काउलीचा_शेजारी:
मूळचा साताऱ्याचा, आता ऑक्सफर्डजवळ राहतो, मायनर जिथे बनायच्या त्या काउलीपासून पंधरा मिनिटांवर. (आई फोनवर विचारते "काऊ कशाला म्हणतात रे त्या गावाला", काय सांगणार.)

सई की काय नाव असेल ते असो, ताई तुम्ही आधी एक काम करा. बल्कहेडवर, म्हणजे बॉनेटखाली मागच्या भिंतीवर, चेसिस नंबरची पट्टी असेल, तिचा फोटो आणि कागद ठेवून पेन्सिलीने घासून ठसा, दोन्ही घ्या. इंजिनवर वेगळा नंबर असतो, तोही. हेडलाईट कुठे आहेत, पंख्यांच्या म्हणजे मडगार्डच्या वर की खाली जाळीच्या बाजूला? खाली असतील तर ती लो-लाईट, सुरुवातीची, आणि मग जपून, कारण नंतरच्या मायनर थाउजंडचे पार्ट इकडे अजून कॅटलॉगमधून मागवता येतात पण लो-लाईटच्या जाळीला आणि मडगार्डला शोधाशोध आहे. इकडे गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, तिथे जुन्या कारखान्यांची रजिस्टरं ठेवलीत आणि त्यावरून ते गाडीचं सर्टिफिकेट देतात. पहिली प्रॉडक्शन मायनर पण तिथेच उभी आहे, मी तिच्यापुढे वाकून बंपर बघत होतो तर रखवालदार येऊन उभा राहिला.

एक लक्षात घ्या, तुमची गाडी अख्खी जहाजातून आली की हिंदुस्थान मोटर्सने जोडली हे आधी शोधा. त्यांची मायनर "बेबी हिंदुस्थान" नावाने विकली जायची. बॅज, पाट्या, काचेवरचा मार्का, टायरच्या आतला मजकूर, वायरीच्या विणीचा रंग, सगळ्याचे फोटो. भारतात जोडलेली असेल तर इंग्लंडच्या पुस्तकाबरहुकूम "ओरिजिनल" करायला जाऊ नका, तिचं ओरिजिनल वेगळं.

नोंदींसाठी माझी पद्धत: साधी शंभर पानी वही, एक्सेल रात्री. कारण ग्रीसच्या हाताने लॅपटॉप उघडत नाही. प्रत्येक पार्टाला झिपची पिशवी, पिशवीत कागदाची चिठ्ठी (पिशवीवर लिहिलेलं पेट्रोलने पुसतं), चिठ्ठीवर नंबर, तोच नंबर वहीत, आणि फोटो काढताना तीच चिठ्ठी पार्टाशेजारी. बोल्ट कुठल्या बाजूने आत गेला होता, वॉशर आधी की नंतर, हे चित्र काढा, शब्दांत लिहू नका. ब्रेकचा मास्टर सिलेंडर ड्रायव्हरच्या पायाखाली जमिनीत गाडलेला आहे आणि त्याचा बोल्ट बाहेर ओढताना टॉर्शन बार आडवा येतो, तिथे तुम्ही शिव्या द्याल, तेही लिहा.

निवृत्त_काका:
बाळ, आरटीओचं मी सांगतो. आधी आजोबांच्या नावावरून वारसाच्या नावावर, त्याला फॉर्म 31, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. तुझ्या काकाची सही आत्ताच घेऊन ठेव, गाडी चमकली की नाती बदलतात.

नंतर व्हिंटेज. 2021 च्या जुलैत केंद्राने नियम काढले, पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते. नव्याने नोंदवायची तर 20,000 रुपये फी, दहा वर्षांसाठी, पुढे परत करायला 5,000, नंबर व्हीए सिरीजचा. पण ज्यांची आधीची नोंदणी आहे त्यांना जुना नंबर ठेवता येतो, तुझा बीएम नंबर जाऊ देऊ नकोस. रोज मंडईत न्यायची परवानगी मात्र नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच.

आणि तुझ्या नोंदींचा उपयोग इथे होतो. व्याख्येतच लिहिलंय की गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. उद्या तपासणीवाला विचारेल पंप कुठाय, बंपर का तुटकाय, तेव्हा फोटो आणि वही पुढे कर.

गोठ्यातली_मायनर:
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. नाव सई नाही पण चालेल 😄

अपडेट. हेडलाईट खाली आहेत, जाळीच्या बाजूला. मागची सीट उचलली, खाली कोंबडीची पिसं, 1962 चं बार्शीच्या एसटीचं तिकीट, आणि हिरवा रंग. गडद हिरवा, अगदी ताजा असल्यासारखा. आजीला फोटो दाखवला तर ती काही बोलली नाही, नुसता फोन घेऊन बसली. मग गंजखाऊ दादांनी सांगितलं तसं मागच्या मडगार्डवर नाण्याएवढं घासलं, तर पांढरा, लांबी, काळा, आणि त्याच्या खाली हिरवा. म्हणजे बाबांचा काळा पण खरा, त्यांना कळायला लागलं तोवर गाडी एकदा रंगवून झालेली.

बॅटरी प्लस अर्थनेच लावली, लाल पेंटने लिहिलं. चावी फिरवल्यावर पुढून टक टक टक आवाज आला, मी घाबरून बंद केलं, फिटर हसला, पेट्रोलचा पंप आहे म्हणाला, विजेवरचा. मग इंडिकेटरचा खटका फिरवला तर डाव्या खांबातून तो इंडिकेटरचा छोटा हात अर्धा वर आला आणि अडकला. उजवा हललाच नाही. तेवढ्यावरच फिटर पोरासारखा खूश, आता तोच मला चिठ्ठ्या लिहून देतो, स्पेलिंगं बघण्यासारखी आहेत, "टरनेन डावा".

बंपर गोणपाटात गुंडाळून माझ्या कॉटखाली ठेवलाय. चिठ्ठी क्रमांक 1. काकाची सही पण झाली.

आता प्रश्न, तो अडकलेला हात मोकळा करायला तेल सोडू की काढून साफ करू? जुन्या तेलाचा चिकटा दिसतोय आत.

पेठेतला_पान्हा:
काढून साफ करा, तेल अजिबात नको, धूळ धरून परत अडकतो. आतला बल्ब बारीक गोळीसारखा असतो, 3 वॅटचा, तो आधी काढा. आणि हो, चिठ्ठी.