प्रतवारी आणि क्रमवारी : एकच का वेगवेगळं?

रँकिंगला मराठीत प्रतवारी म्हणायचं की क्रमवारी, का दोन्ही सारखंच, हा प्रश्न आला की लोक शब्दकोश काढतात, पण आमच्या यवतमाळ-अमरावतीकडं ज्याच्या घरी कापूस आहे त्याला हा फरक बरोबर माहीत असतो, कारण प्रत खाली लागली की क्विंटलमागं पैसे जातात.

प्रत म्हणजे मालाचा गुण, कस. चांगल्या प्रतीची तूर, हलक्या प्रतीचा गहू. सातबाराची प्रत काढून आण म्हणतो ती प्रत वेगळी, ते वाक्यावरून समजतंच. आणि वारी म्हणजे त्या हिशेबानं लावणं, जशी टक्केवारी, आणेवारी, पंढरीच्या वारीशी याचा काही संबंध नाही. तर प्रतवारी म्हणजे माल पाहून गुणाप्रमाणं ढीग वेगळे करणं. एका ढिगात शंभर गाड्यांचा माल असला तरी तो सगळा एकाच प्रतीचा, त्यात पहिला कोणाचा दुसरा कोणाचा हे कोणी विचारत नाही. क्रमवारीत मात्र एकामागं एक उभं करावं लागतं, पहिला, दुसरा, तिसरा, आणि बरोबरी झाली तरच दोघं एका जागेवर.

सरकारी कापूस खरेदी केंद्रावर गाडी लागली की ग्रेडर, म्हणजे प्रत ठरवणारा माणूस, येतो, वरचा कापूस बाजूला सारून आतून मूठभर ओढतो, कारण वर पांढराशुभ्र आणि खाली कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, असंही असतं, मग सरकीवरचा धागा बोटांनी ताणून लांबी पाहतो आणि मीटर खुपसून ओलावा. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, ८ ते १२ च्या मधे असला की कटौती, १२ च्या वर गेला की गाडी वापस. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल, म्हणजे प्रतीत नुसता धाग्याचा फरक आणि क्विंटलमागं ४०० रुपये. ग्रेडची नावं पण पाहा, बन्नी, ब्रह्मा, एच-४, ही सगळी मुळात वाणांची नावं. एच-४ म्हणजे सुरतला कापूस शास्त्रज्ञ सी. टी. पटेल यांनी काढलेलं, १९७० मधे आलेलं, जगातलं पहिलं व्यापारी संकरित कापसाचं वाण. आता वावरात सगळीकडं बीटी, म्हणजे जनुक बदललेली कपाशी, झाली तरी ते नाव ग्रेडमधे टिकून आहे, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, बियाण्याचं नाव प्रतीचं नाव होऊन बसलं.

मग शेतकरी ग्रेडरला विचारतो,
"कोनता ग्रेड लावला भाऊ?"
"एच-४."
"काहून? धागा तं लांब हाय, वरचा ग्रेड पायजे."

हा जो काहून, म्हणजे का, आहे ना, तो प्रतवारीतच विचारता येतो, कारण तिथं माप आधी ठरलेलं असतं, धागा किती, ओलावा किती, कवडी किती. खेडा खरेदीत व्यापारी अंगणात येतो, गंजीत हात घालतो न घालतो आणि "माल दोन नंबर हाय" म्हणून मोकळा होतो, ना मीटर ना धागा पाहणं, त्याला प्रतवारी म्हणणं मला बिलकुल पटत नाही, तो नजरेचा अंदाज आहे आणि तोही घेणाऱ्याच्या सोयीचा. (दोन नंबर हे पण गमतीचं, मालाच्या बाबतीत हलका, पैशाच्या बाबतीत काळा.)

वरूड-मोर्शीकडं संत्र्याची प्रतवारी साइजवर होते, मशीनवर फळं आपोआप वेगळी पडतात, सगळ्यात बारकं फळ ती चुरी. चुरी चवीला गोड असली तरी भाव पडतोच, म्हणजे प्रत ठरवताना कोणता गुण धरला हे पाहणं फार गरजेचं, साइज म्हणजे चव नाही.

आता जमिनीचं, इथं लोक हटकून घोळ करतात. जुन्या दप्तरात जमिनीची अव्वल, दूम, सीम अशी प्रत लावलेली असे, आपण बोलताना भारी, मध्यम, हलकी, बरड म्हणतो, ही झाली प्रतवारी. पण सातबारावर भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २ लिहिलेलं असतं त्याचा मातीशी काही संबंध नाही. वर्ग २ म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही अशी जमीन, ती काळीभोर असू शकते आणि वर्ग १ ची जमीन निव्वळ मुरूम. सोयरीक जुळवताना पोराकडची जमीन "वर्ग दोनची आहे" ऐकून पोरीकडच्यांनी नाक मुरडलेलं मी स्वतः पाहिलं आहे. वर्ग म्हणजे नुसता गट, त्यात वरखाली असेलच असं नाही.

आणेवारीचंही, म्हणजे गावाच्या पिकाच्या अंदाजाचंही, असंच. सोळा आणे पीक म्हणजे भरपूर पीक, आता तिला पैसेवारी म्हणतात, आणि ५० पैशांच्या आत आली की दुष्काळाची चर्चा सुरू होते. हे मोजमाप आहे, गावाचा नंबर लावणं नाही, तरी लोक "आपलं गाव पैसेवारीत कितवं" असं विचारतात. पैसेवारी किती असं विचारा.

क्रमवारी समजायला बुद्धिबळ घ्या. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मधे महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८वी. आता ग्रँडमास्टर ही झाली प्रत, तिच्यासारखे आणखी ८७ आधीपासून आहेत. ८८वी हा अनुक्रम, कोण कधी झालं त्याची पाळी, म्हणून ती ८७ जणांच्या खाली आहे असा अर्थ कोणी काढू नये. आणि रेटिंगप्रमाणं, म्हणजे खेळून मिळालेल्या गुणांप्रमाणं, जी यादी लागते ती क्रमवारी, ती वरखाली होत राहते. एकाच पोरीच्या बातमीत तिन्ही शब्द लागतात आणि पेपरवाले कधीकधी तिन्हीला "स्थान" लिहून मोकळे होतात.

माणसांना प्रतवारी शक्यतो लावू नये असं माझं मत आहे. पोरांची गुणवत्ता यादी म्हणा, नोकरीत ज्येष्ठता यादी म्हणा, शाळेत श्रेणी म्हणा, हे शब्द आहेतच. हलक्या प्रतीचा माणूस असं बोलणारे आहेत, पण ते बोलणं मालासारखं आहे आणि ऐकणाऱ्याला लागतं.

आणि केंद्रावर अर्ज द्यायची वेळ आलीच तर "माझा नंबर बदलून द्यावा" असं लिहू नका, नंबर म्हणजे लाइनमधला नंबर समजतील. "मालाची फेरप्रतवारी करावी" लिहा, खाली ओलावा किती निघाला आणि धाग्याची लांबी किती लिहिली ते आकडे मागा, गाडी काट्यावर जायच्या आधीच.