मदत हवी आहे : गावात धान्यकोठी कशी चालवावी?

नमस्कार मंडळी. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, आमचे टोमॅटो शेतातच सडले आणि आई कणगीत वाकून तळाची ज्वारी सुपात खरवडून काढत होती. रेशनकार्ड केशरी, प्राधान्य यादीत नाव नाही, म्हणून माणशी ५ किलो मोफत धान्य आम्हाला नव्हतं. मे-जूनला ८ रुपये किलोने गहू आणि १२ ने तांदूळ आला, पण हातात रोकड कुठे होती?

पिकवणाऱ्याच्या घरी ही वेळ पुन्हा येऊ नये, म्हणून बचत गटातर्फे, अडचणीत धान्य उसनं देणारी धान्यकोठी सुरू करतो आहोत. उसनं धान्य सवाईने (म्हणजे सव्वापट) परत घ्यावं की जेवढ्यास तेवढं? अडलेल्याला सवाई जड जाते, असं मला वाटतं. आणि पावसाळ्यात ज्वारीला सोंडकिडे लागू नयेत म्हणून कडुलिंबाचा पाला पुरतो का? कुणी अशी कोठी चालवली असेल तर कृपया सविस्तर सांगा.